हळदीची चिमूट आणि मोटारीचें पाणी



गेल्या वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब पुण्याहून हेदवीस दशभुज गणपतीच्या दर्शनाला आला होता. दर्शन आटोपून मंडळी माझ्या घरीं जेवली. निघण्याच्या वेळीं अंगणांत पाहतात तों गाडीच्या तोंडाखालीं, सारवलेल्या जमिनीवर, वीतभर गुलाबी ओल पसरलेली. "गुरुजी, रेडिएटर गळतो आहेसें दिसतें," तो म्हणाला. मीं तत्काळ माजघराकडे तोंड करून हांक दिली, "अगो, हळदीचा डबा आण पाहूं बाहेर!" मला वाटलें तो हंसेल, पण तो ओशाळला, आणि बायकोकडे एकदां पाहून हळूच म्हणाला, "गुरुजी, रागावूं नका. पण तुमच्या त्या हळदीनेंच माझी मागची गाडी गेली."

हकीकत अशी होती. वर्गाला पिष्टमय पदार्थांचा धडा शिकवितांना, हळदीच्या चिमटीनें गळकी मोटार कशी बरी होते याची एक गोष्ट मी दर वर्षीं सांगत असें. मुलांना ती फार आवडे. हा विद्यार्थी ती विसरला नव्हता. चार वर्षांपूर्वीं पुणें-मुंबई रस्त्यावर त्याची गाडी थेंबथेंब गळूं लागली, तेव्हां त्यानें वाटेंतल्या दुकानांतून हळदीची पुडी घेतली आणि दोन चमचे रेडिएटरांत ओतले. गळती थांबली, गुरुजींचें नांव काढीत तो घरीं गेला. पुढें दोन महिन्यांत गाडी तापूं लागली. मिस्त्रीनें उघडून पाहिलें तों रेडिएटरच्या निम्म्या नळ्या पिवळ्या चिखलानें बुजलेल्या, आणि अति तापल्यामुळें इंजिनाचें डोकें, म्हणजे वरचा ओतीव भाग, वांकलेला. खर्चाचा आंकडा त्यानें मला सांगितला नाहीं, आणि मीं विचारला नाहीं.

मी मॅट्रिक झालेला प्राथमिक शाळेचा मास्तर. जवळजवळ चाळीस वर्षें रत्नागिरी जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या गांवीं शिकविलें. इतक्या वर्षांत ही गोष्ट किती मुलांनीं ऐकली असेल, आणि त्यांपैकीं किती जणांकडे आज मोटारी असतील, याचा हिशेब करूं लागलों तेव्हां मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. तेव्हां आजचें हें भाषण म्हणजे एका मास्तरानें आपल्याच वहीवर मारलेली तांबडी रेघ आहे, असें श्रोत्यांनीं समजावें. गोष्ट खोटी नव्हती. ती मीं डोळ्यांनीं पाहिलेली होती. मग चूक कोठें झाली? हें उमगण्यास मोटारीच्या पाण्याचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकीं सुमारें एक तृतीयांश इंजिनाच्या भिंतींतून काढून टाकावी लागते; न काढली तर धातू फुगून दट्ट्या आपल्या नळकांड्यांत अडकून बसतो. ही उष्णता वाहून नेणारा हमाल म्हणजे पाणी. पहिल्या मोटारींत हा हमाल परत येत नसे. जर्मनींतील कार्ल बेंझ यानें १८८६ च्या जानेवारींत ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें, तिच्यांत पाणी इंजिनाभोंवतीं उकळे, वाफ होऊन हवेंत जाई, आणि घटलेलें पाणी वरचेवर भरावें लागे. १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगतां, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरीं निघाली. शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक असा तो प्रवास. वाटेंत या बाईंनीं विहिरी आणि ओढे धुंडून गाडीला पाणी पाजलें, तुंबलेली इंधनाची नळी टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि औषधांच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें. मोटारीच्या इतिहासांतली ही पहिली लांबची सफर. आणि पाहा, तिच्यांतही दुरुस्ती झाली ती बाईमाणसाच्या अंगावरच्या जिनसेनें. पुढें मी जी गोष्ट सांगणार आहें तिच्याशीं हें जुळतें, म्हणून येथें नोंदवून ठेवतों.

वाफ होऊन जाणारें पाणी धरून ठेवावें, निववावें आणि पुन्हां कामाला लावावें, ही युक्ति साधली ती विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरनें. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीस गाडीसाठीं त्यानें मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यांत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येकीची बाजू ६ मिलिमीटर. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरे. पूर्वींच्या मानानें निम्म्या, म्हणजे ९ लिटर पाण्यांत काम भागूं लागलें. आमच्या न्हाणीघरांतला तांब्याचा बंब श्रोत्यांनीं पाहिला असेल: मधल्या नळींत विस्तव आणि भोंवतीं पाणी. रेडिएटर म्हणजे उलटा बंब. तेथें विस्तव पाण्याला तापवितो, येथें वारा पाण्याला निववितो. आणि दोन्हींत मर्म एकच, कीं जितकी पातळ तांब्याची भिंत, तितकी उष्णता लवकर पलीकडे जाते.

परंतु भिंत पातळ झाली कीं ती फुटण्याची भीति आली, आणि आठ हजार नळ्या म्हटल्या कीं हजारों सांधे आले. ते सांधे कथील आणि शिसें यांच्या झाळानें जोडलेले असत. पुढें पोळ्याची रचना मागें पडून पितळेच्या चपट्या नळ्या आणि त्यांना चिकटविलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या अशी साधी रचना रूढ झाली. तरी झाळ तोच राहिला. रस्त्याच्या धक्क्यांनीं तो तडकावा, एखाद्या खड्यानें नळीला सुईएवढें भोंक पडावें, आणि पाणी थेंबथेंब गळावें, हें या यंत्राच्या कपाळीं जन्मापासूनच लिहिलेलें होतें.

आतां आपल्या भागाकडे वळूं. हेदवीचा माणूस पूर्वीं मुंबईस जाई तो मोटारीनें नव्हे, तर जयगड किंवा दाभोळ गांठून आगबोटीनें. समुद्र हाच आमचा हमरस्ता होता. घाटावर जावयाचें तर चिपळूण, पोफळी आणि तेथून कुंभार्ली घाट चढून पाटण-कऱ्हाड. खाजगी सर्व्हिस मोटारी या रस्त्यांवर धांवूं लागल्या त्या काळाच्या गोष्टी मीं वडिलांकडून ऐकल्या आहेत: चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरावें, किन्नरानें चाकामागें दगड लावावा, आणि पाण्याचा डबा घेऊन पऱ्या शोधीत जावें. १ जून १९४८ रोजीं सरकारी एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेली. आमच्या आडवळणाच्या गांवीं ती यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. मग कोयना धरणाचें काम निघालें, पोफळीस वीजघर झालें, आणि कुंभार्ली घाटांत जड मालमोटारींची रीघ लागली. त्या चढणीवर उकळलेल्या रेडिएटरांची वाफ उडवीत उभ्या असलेल्या मोटारी हा माझ्या लहानपणचा नित्याचा देखावा होता. उंचीवर पाणी लवकर उकळतें, दर तीनशें मीटरांना सुमारें एक अंश आधीं, हा भूगोलाचा धडा मला पुस्तकाआधीं त्या घाटानें शिकविला.

त्या वेळच्या खाजगी मोटारी बहुधा दोनच: कलकत्त्याकडची अँबॅसॅडर, आणि मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतली फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९५४ पासून तिनें फियाट ११०० ही गाडी बांधावयास घेतली, आणि १९७४ सालीं तिचेंच नांव प्रीमियर पद्मिनी झालें. नांव कांहीं पडो, आम्हां लोकांच्या तोंडीं ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. तिचा रेडिएटर तांब्यापितळेचा, आणि आंत काय, तर विहिरीचें साधें पाणी.

अशाच एका भाड्याच्या फियाटींतून १९८४ च्या वैशाखांत माझ्या मामेभावाचें वऱ्हाड हेदवीहून कऱ्हाडास निघालें. मुहूर्त दुपारीं बाराच्या सुमाराचा. पहांटे चार वाजतां निघालों. पुढें ड्रायव्हर, त्याच्या शेजारीं मी आणि नवरदेव. मागें मामा, मामी, करवली आणि नवऱ्याची आत्या. आत्याच्या मांडीवर चांदीची वाटी होती आणि तिच्यांत नवरदेवाची उष्टी हळद. ती नवरीला लागल्याशिवाय पुढचा विधि होत नाहीं, हें श्रोत्यांना सांगावयास नको. बाकीचें वऱ्हाड एस. टी. नें आदल्या दिवशींच पुढें गेलें होतें.

पोफळी सोडून घाटाचीं तीन-चार वळणें चढतों न चढतों तों गाडीच्या तोंडांतून पांढरी वाफ निघूं लागली. ड्रायव्हर गुहागरकडचा, पन्नाशीचा, मितभाषी मनुष्य. त्यानें गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलें आणि बिडी शिलगावून दगडावर जाऊन बसला. नवरदेव उतावीळपणें टोपण उघडावयास धांवला, तेव्हां मात्र तो ओरडला, "हात लावूं नका! तोंड भाजेल." आमच्या हेदवीच्या समुद्रकांठीं बामणघळ म्हणून खडकांत एक अरुंद चीर आहे; भरतीचें पाणी तिच्यांत कोंडलें कीं एकाएकीं पुरुषभर उंच उसळतें. कोंडलेली वाफ टोपण काढतांच तशीच उसळते, आणि ती समुद्राच्या पाण्यासारखी गार नसते. अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलों. मामा घड्याळाकडे पाहत होते आणि ड्रायव्हर डोंगराकडे.

गाडी निवाल्यावर त्यानें ओला फडका टोपणावर टाकून तें आधीं अर्धें फिरविलें, फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली, मग पुरतें काढलें. आंत पाणी अर्ध्याच्याही खालीं. जवळचें डबाभर पाणी ओतलें, तेव्हां खालच्या अंगाला, नळ्यांच्या जाळींतून, दोऱ्याएवढी धार लागलेली दिसली. वैशाखाचे दिवस, पऱ्ये आटलेले. दुसरें पाणी जवळ होतें तें आमच्या पिण्याच्या फिरकीच्या तांब्यांत. त्यानें गाडीच्या मागल्या कांचेंतून डोकावून विचारलें, "हळद आहे का कोणाजवळ?"

आत्यानें वाटी पदराखालीं घेतली. "अरे मेल्या, ही नवऱ्याची उष्टी हळद! हिला हात लावशील तर बघ."

"ती नको, आत्याबाई," तो म्हणाला. "ती ओली, तेलाची. मला कोरडी पाहिजे. ओटीची असेल तर ती द्या."

ओटीच्या सामानांत हळदीची पुडी होती; पण तीही शकुनाची. मामीचा जीव होईना. मामा म्हणाले, "द्या ती. नवरीची ओटी कऱ्हाडास दुसऱ्या हळदीनें भरूं, पण आधीं कऱ्हाडास पोंचूं तर द्या!" शेवटीं करवलीनें पुडी उघडून तिच्यांतली एक चिमूट ओटीसाठीं पुन्हां कागदांत बांधून घेतली आणि उरलेली ड्रायव्हरच्या हातावर ठेवली. त्यानें ती तांब्यांतल्या पाण्यांत कालवून रेडिएटरांत ओतली, टोपण सैलसें बसविलें आणि इंजिन चालूं केलें. आम्ही सगळे वांकून त्या धारेकडे पाहत होतों. धार पिवळी झाली; मग तिचे थेंब झाले; मग थेंबांत अंतर पडूं लागलें. पंधरा मिनिटांनीं त्या जागीं एक पिवळा डाग तेवढा उरला. आम्ही अकरा वाजून वीस मिनिटांनीं मांडवांत शिरलों. आत्यानें वाटी आधीं उतरविली, मग आपण उतरली.

ही गोष्ट मी वर्गांत सांगत असें, आणि येथेंच संपवीत असें. चूक हीच. गोष्टीला पुढें दोन अंक होते. पहिला मीं पाहिला असूनही सांगत नव्हतों, आणि दुसरा मला ठाऊकच नव्हता.

हळद लागू कां पडली हें आधीं सांगतों. बाजारांतलें हळकुंड हें उकडून वाळविलेलें असतें; त्याच्या भुकटींत पिष्ट पुष्कळ, आणि कांहीं तंतूही. गरम पाण्यांत हे कण फुगतात, मऊ होतात, आणि पाणी जिकडे ओढ घेईल तिकडे जातात. भोंकाशीं आले कीं तेथें अडकतात; बाहेरून वारा लागून वाळतात, आणि बूच बसतें. हिंदुस्थानभर मालमोटारींचे आणि टॅक्सींचे ड्रायव्हर हा उपाय करीत आले आहेत. परदेशांत त्याच कामीं मोहरीची पूड, मिरपूड आणि अंड्याचा पांढरा बलक वापरीत. बलक उष्णतेनें गोठतो म्हणून. आमच्या वऱ्हाडांत अंडें कोठून निघणार!

आतां वगळलेला अंक. लग्नानंतर तीन दिवसांनीं परततांना ड्रायव्हरनें चिपळुणास एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे गाडी थांबविली. मीही कुतूहलानें उतरलों. कारागिराचे आजे-पणजे भांड्यांना कल्हई लावणारे. यानें बंब झाळतां झाळतां मोटारीचे रेडिएटर घेतले होते. त्यानें रेडिएटर सोडवून काढला, दोन्ही तोंडें बुचांनीं बंद केलीं, तो पाण्याच्या हौदांत बुडविला आणि पंपानें आंत हवा भरली. पिवळ्या डागाजवळून बुडबुड्यांची माळ निघाली. आणि दुसऱ्या एका कोपऱ्यांतून, जेथें आम्हांला कांहींच दिसलें नव्हतें, आणखी एक. त्यानें दोन्ही जागा खरवडून लखलखीत केल्या, जस्त विरविलेलें तेजाब लावलें, आणि तापल्या लोखंडानें झाळाचे दोन टिपके असे बसविले कीं बोट फिरवून कळूं नयेत. मग वरची टाकी उकलून, प्रत्येक नळींत पातळ पट्टी घालून, त्यानें आमची हळद बाहेर काढली. ओंजळभर पिवळा गाळ निघाला. तो ड्रायव्हरवर चांगलाच तडकला: "घाटांत घातलीस तें ठीक. पण दुसऱ्या दिवशीं आणावयास हवी होती. हळद काय भोंक ओळखते? नळीही तीच आणि भोंकही तेंच."

हें वाक्य मीं ऐकलें होतें, श्रोतेहो. आणि तरी वर्गांत सांगत नसें, कारण त्यानें गोष्टीची गंमत जाते असें मला वाटे.

दुसरा अंक धातूचा आणि पाण्याचा आहे. पाणी १०० अंशांवर उकळतें. पण झांकण घट्ट करून आंत दाब वाढविला तर तें त्याहून अधिक तापूनही उकळत नाहीं. आपल्या प्रेशर कुकरचें तत्त्व तेंच. रेडिएटरच्या टोपणालाच स्प्रिंगची झडप बसवून हा दाब धरूं लागले. वातावरणाइतका अधिक दाब धरला तर उकळण्याचा अंश सुमारें १२० वर जातो. म्हणजे लहान रेडिएटरांत मोठें काम होऊं लागलें, आणि गळतीमागचा जोरही वाढला. फियाटींत ज्या भोंकांतून धार लागली, त्या भोंकांतून आजच्या गाडींत पिचकारी उडेल.

पाणीही पाणी राहिलें नाहीं. थंड मुलखांत हिंवाळ्यांत रेडिएटरांतलें पाणी गोठून इंजिन फुटे, म्हणून तेथील लोक त्यांत मद्यार्क, साखर, मधसुद्धां घालीत. १९२७ सालीं अमेरिकेंत एथिलीन ग्लायकॉल हा द्रव प्रेस्टोन या नांवानें या कामासाठीं विकावयास आला. निम्में पाणी व निम्मा ग्लायकॉल असें मिश्रण शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. कोंकणांत ही थंडी कोणाला हवी आहे, असें श्रोते विचारतील. पण तेंच मिश्रण साध्या पाण्याहून उशिरां उकळतें, आणि त्यांत गंज व धातूची झीज रोखणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. त्याला रंग देतात तो ओळखीसाठीं आणि गळती दिसावी म्हणून: कोठें हिरवा, कोठें गुलाबी, कोठें निळा. यालाच आतां सारे कूलंट म्हणतात. मारुती गाडी १९८३ च्या डिसेंबरांत निघाली आणि नंतरच्या वर्षांत हा शब्द आमच्या गुहागर तालुक्यापर्यंत येऊन पोंचला.

आणि तांबें गेलें. १९७० नंतर युरोपांतल्या मोटारींतून ॲल्युमिनियमचे रेडिएटर येऊं लागले, कारण हा धातू हलका आणि स्वस्त. त्याच्या नळ्या भट्टींत एकदम जोडतात. वरच्या-खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, रबराचा पट्टा मध्यें घालून दाबून बसविलेल्या. ॲल्युमिनियमला हवा लागतांच त्यावर एक साय धरते, आणि तिच्यावर आपला कथलाचा झाळ चिकटत नाहीं. टाकी उकलून नळींत पट्टी घालणें तर दूरच. नळ्यांच्या आंतली वाट फारच अरुंद. अशा ठिकाणीं दोन चमचे हळद म्हणजे वाटेंत बसविलेला बांध. ती बाहेर काढणारा हात आतां नाहीं आणि काढण्याची सोयही नाहीं. जुन्या काळीं हळद आणि झाळ ही जोडी होती. घाटांत हळद आणि गांवांत झाळ. मीं मुलांना जोडींतली एकच दिली, आणि तीही दुसरी नाहींशी झाल्यानंतर. माझ्या विद्यार्थ्याची गाडी गेली ती अशी.

त्या चिपळूणच्या कारागिराकडे मी गेल्या वर्षीं मुद्दाम गेलों होतों. तो वारला. मुलगा त्याच जागीं नव्या रेडिएटरांचीं खोकीं विकतो. २०२१ च्या जुलैंत वाशिष्ठीचा पूर आला तेव्हां दुकान पाण्याखालीं गेलें, आणि त्यांत जुना हौदही फुटला; पुन्हां बांधण्याचें कारण पडलें नाहीं, असें तो म्हणाला. जुने तांब्याचे रेडिएटर येतात ते वजनावर मोडींत. मुंबईंतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं रस्त्यावरून उतरली, तेव्हां वर्तमानपत्रांत तिच्यावर पुष्कळ हळहळीचे लेख आले. झाळणाऱ्यांवर मात्र मला एकही आढळला नाहीं.

असो. आमच्या अंगणांतली गाडी तशीच उभी आहे. विद्यार्थ्यानें माझ्या हळदीला नकार दिला खरा, पण पुढें जें केलें तें पाहून मला घाटांतल्या त्या ड्रायव्हरची आठवण झाली. तो अर्धा तास कांहीं न करतां बसून राहिला. इंजिन पुरतें निवलें तेव्हां टोपणावर फडका टाकून तें टप्प्याटप्प्यानें उघडलें. मग इंजिनाचा सगळा पुढचा भाग, रबरी नळ्या आणि त्यांचीं तोंडें कोरडीं पुसून घेतलीं, टोपण लावून इंजिन चालूं केलें आणि विजेरी घेऊन वांकून पाहत राहिला. त्यानें मला पंपाखालचें भोंक दाखविलें, पाणी सोडण्याचा खालचा खिळा दाखविला, टाकीचा आणि जाळीचा सांधा दाखविला. "गुरुजी, गळतें तेथें दिसत नाहीं, पाणी ओघळून दुसरीकडे टपकतें," तो म्हणाला. "वाळलेला रंग शोधावयाचा." आणि खरोखरच खालच्या रबरी नळीच्या तोंडाशीं, जेथें तिला पत्र्याची क्लिप आवळते, तेथें गुलाबी खारवटलेली पपडी सांपडली. रेडिएटर शाबूत होता. क्लिप सैल झाली होती, इतकेंच. इंजिन बंद करून, पुन्हां थोडें निवूं देऊन, त्यानें स्क्रू दोन फेरे आवळला. अति आवळला तर नळी कापते, हेंही त्यानेंच सांगितलें. मग डिकींतून त्याच जातीच्या कूलंटचा डबा काढून बाजूच्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, दोन खुणांच्या मध्यें येईल इतकें भरलें. दोन जातींचीं कूलंटें एकत्र करूं नयेत. हातीं कांहींच नसेल तर स्वच्छ साधें पाणी घालून गांव गांठावें, पण पुढें तें काढून योग्य मिश्रण भरून घ्यावें. नळी स्वतः फुटली असेल तर ती बदलावी. जाळीलाच भोंक असेल तर मात्र नवा रेडिएटर; तेथें चिमटीचा उपाय नाहीं, मग चिमूट हळदीची असो कीं दुकानांतल्या डब्यांतल्या तयार पुडीची. या पुड्यांच्या जाहिराती मीं पाहिल्या आहेत. त्या लावून गाडी गॅरेजपर्यंत न्यावी, त्यापुढें त्यांच्यावर भिस्त ठेवूं नये, असें त्याच्या मिस्त्रीचें मत.

हें चाललें असतां शेजारचें कुत्रें येऊन जमिनीवरची ओल हुंगूं लागलें. विद्यार्थ्याच्या बायकोनें त्याला हाकललें. ग्लायकॉल चवीला गोड असतो आणि थोडासाही पोटांत गेला तरी कुत्र्यामांजरांचीं मूत्रपिंडें निकामी करतो. रांगतें मूल घरांत असेल तर ही गोष्ट फारच लक्षांत ठेवावी. मीं घमेलें घेऊन परसांतली कोरडी वाळू आणली, ओल्यावर पसरली, आणि ती भिजल्यावर खरवडून एका पिशवींत बांधली. जागा पुन्हां सारवून घेतली.

मंडळी साडेचार वाजतां निघाली. सात वाजण्याच्या सुमारास फोन आला. "गुरुजी, कुंभार्ली चढून वर आलों. उष्णतेचा कांटा मध्यावरच आहे." मीं विचारलें, "गाडीखालीं पाहिलेंस का?" तो म्हणाला, "पाहिलें. कोरडें आहे." घरांत येऊन पाहतों तों हळदीचा डबा अजून ओसरीवरच होता. तो मीं उचलून फळीवर ठेवला.